हेडर बसवलाय पण बोल्ट काही घट्ट राहीनात

चौथागियर

नमस्कार मंडळी, जरा वैतागूनच लिहितोय. दोन महिन्यांपूर्वी गाडीचा मूळचा बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढून बाहेरचा स्टेनलेसचा हेडर (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच) बसवला. चार सिलेंडरचं पेट्रोल इंजिन, आडवं बसवलेलं, हेड (इंजिनचा वरचा भाग, ज्याला हेडर बोल्टने बसतो) अॅल्युमिनियमचं, आणि ८ एमएमचे आठ बोल्ट. बसवताना फार त्रास झाला नाही, मागच्या कोपऱ्यातला एक बोल्ट सोडला तर, तिथं हात जातो तर पाना जात नाही आणि पाना गेला तर हात जात नाही. पण बसला एकदाचा. आवाज झकास, गाडी मोकळी पळायला लागली, दोन आठवडे मी हवेतच होतो.

मग एका सकाळी स्टार्ट केली तर टकटकटक. मला वाटलं टॅपेट (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारे भाग) वाजतायत. पण इंजिन गरम झालं की आवाज गायब, दुसऱ्या दिवशी सकाळी परत हजर. शेवटी बॉनेट उघडून टॉर्च मारून बघितलं तर दोन नंबरच्या पोर्टच्या खाली गॅस्केटच्या कडेला काजळीचा पंख्यासारखा काळा डाग. बोल्टला पाना लावला तर तीन बोल्ट जवळजवळ हाताने फिरतील इतके सैल. आवळले, आठ दिवस गप्प, की येरे माझ्या मागल्या. दुसऱ्यांदा निळं थ्रेडलॉकर (आटे चिकटवून धरणारं द्रव) लावून आवळले, तिसऱ्यांदा नुसतेच. प्रत्येक वेळी टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराला क्लिक देणारा पाना), मॅन्युअलमध्ये २२ न्यूटन मीटर दिलंय तेवढं, क्लिक येईपर्यंत.

बोल्ट कंपनीचे जुनेच वापरलेत, ३० एमएम लांबीचे. हेडरबरोबर बोल्ट आलेच नव्हते. प्रत्येकाखाली मी आपल्या मनाने एक स्प्रिंग वॉशर टाकलाय. गॅस्केट ग्राफाइटवालं, हेडरबरोबर आलेलं.

आता लॉकवाले बोल्ट, पाचर वॉशर, तार बांधणं असं काय काय वाचतोय आणि डोकं गरगरतंय. नक्की काय लावू म्हणजे एकदाच काम होईल?

पाना१३

निळं कशाला लावलं, लाल लावायचं ना. लाल लावलं की बोल्ट मेला तरी हलत नाही, मी चाकाच्या ब्रॅकेटला लावलं होतं, काढताना घाम फुटला. आणि २२ काय, २८-३० ला आवळ, कंपन्या कमीच सांगतात.

रेंचवाली

पाना१३ भाऊ, राग मानू नका पण दोन्ही सल्ले या जागेला चालणार नाहीत. निळं थ्रेडलॉकर साधारण १५० डिग्रीपर्यंतचं, काही १८० पर्यंत टिकतात. लालमध्ये जे जास्त गरमीचं मिळतं ते २३० च्या आसपास. लाल लावलेला बोल्ट काढायचा असेल तर काय करतो आपण, गॅसची टॉर्च मारून गरम करतो, तेव्हाच तो सुटतो. आणि हेडरच्या बोल्टला ती टॉर्च इंजिन स्वतःच रोज मारतंय. चौथागियर, बोल्ट काढशील तेव्हा आट्यांवर पांढरट भुकटी दिसेल, तेच तुझं निळं. आणि ३० ला आवळलं तर अॅल्युमिनियमचे आटे बोल्टच्या अंगाला चिकटून बाहेर येतील, मग हेड उतरवून हेलिकॉइल (आट्यांच्या जागी घालायची तारेची गुंडाळी) बसवत बसा.

पण वॉशर कुठला, तार का क्लिप, हा प्रश्न नंतरचा. आधी एक गोष्ट ठरव, तुझे बोल्ट फिरतायत की बोल्ट जागच्या जागीच आहेत आणि त्यांचा ताण गेलाय? ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि सगळे जण दोन्हीला "ढिला झाला" असंच म्हणतात. बोल्ट ही खरं तर एक कडक स्प्रिंग आहे, आवळताना आपण तिला केसभर ताणतो आणि ती ताणलेली राहते म्हणून फ्लँज (हेडरचा हेडला टेकणारा सपाट पट्टा) दाबून राहतो. आता मधलं गॅस्केट गरम होऊन पाव मिलिमीटर जरी बसलं, तरी ८ एमएमच्या आखूड बोल्टचा ताण गेलाच समज, बोल्ट एक अंशही फिरलेला नसताना. अशा बोल्टला तू जगातला सगळ्यात भारी लॉक लाव, तो फिरणार नाही हे खरं, पण लिकेज थांबणार नाही. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला.

ओळखायचं कसं? इंजिन पूर्ण थंड असताना २२ ला आवळ आणि प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून फ्लँजवर येणारी एक रेघ ओढ. पेंटने नको, जळून जाते, बारीक छिन्नीने किंवा स्क्राइबरने खरवड. नेहमीसारखी आठ दिवस चालव, परत थंड कर, रेघा बघ. रेघ तुटली असेल तर बोल्ट फिरलाय. रेघ सरळ आहे पण रेंच लावल्यावर क्लिक येण्याआधी बोल्ट अजून फिरतोय, तर ताण गेलाय. मग बोलू.

धूरकांडी

रेंचवाली ताईंना +१. हेडरला हे जास्त का होतं तेही सांगतो, कारण लोकांना वाटतं इंजिनच्या थरथरीने होतं. थरथर असतेच, पण मोठा खेळ तापमानाचा आहे. हिशोब करून बघा, ४०० एमएम लांबीचा स्टेनलेस फ्लँज धरा, तो ३० वरून ३५० डिग्रीला गेला तर दोन मिलिमीटरहून थोडा जास्तच वाढतो. त्याच्याखालचं अॅल्युमिनियम खरं तर स्टेनलेसपेक्षा जास्त पसरणारं, पण त्यात पाणी खेळतंय, ते १०० च्या आसपासच राहतं, म्हणून वाढतं साधारण ०.६ एमएम. म्हणजे फ्लँज हेडवर दीडेक मिलिमीटर सरकायला बघतो, दोन्ही टोकांना पाऊण-पाऊण. दर वेळी गाडी तापली की सरकला, निवली की परत. बोल्टला आडवं ढकलणं झालं हे.

आणि १९६९ साली गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनिअरने नेमकं हेच दाखवलं, की बोल्टला आडवं हलवलं की तो आपोआप उलटा फिरून सुटतो, उभ्या धक्क्याने तितका नाही. त्याच्या नावाची चाचणी आजही वापरतात. त्या चाचणीत आपला लाडका स्प्रिंग वॉशर घातलेला बोल्टही बिनधास्त सुटतो. आणि इथं तर तो रोज भाजून निघतोय, त्यातलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं की ती नुसती एक चपटी चिरलेली रिंग. काढून टाक.

तुझ्या हेडरची टोकाकडची भोकं लांबट आहेत का बघ. चांगल्या हेडरमध्ये मधली भोकं नेमकी आणि टोकाची मोठी किंवा लांबट ठेवतात, सरकायला जागा म्हणून. नसतील तर गोल कानशीने थोडी लांबवता येतात.

चौथागियर

ताई, धूरकांडी, दोघांचेही आभार. भोकं टोकाची लांबट आहेत, तेवढं नशीब. छिन्नीने रेघा मारल्यात, मागच्या कोपऱ्यातल्या बोल्टला आरसा धरून मारली, रेघ कमी आणि सापाची वाट जास्त दिसतेय. आठ दिवसांनी सांगतो.

लोखंडीहात

तोवर मी माझं सांगतो. माझ्या ट्रॅकच्या गाडीला मी तारच बांधतो. स्टेनलेसची ०.८ एमएमची तार, बोल्टच्या डोक्याला आरपार भोक, दोन-दोन बोल्टची जोडी करून पीळ मारायचा. तार अशी ओवायची की एक बोल्ट सुटायच्या दिशेने निघाला तर तारेने दुसऱ्याला आवळायच्या दिशेने ओढलं पाहिजे. उलटी ओवली तर दोघं मिळून हातात हात घालून सुटतात, हे मी स्वतः केलंय. भोकं पाडायला १.५ एमएमचा ड्रिल लागतो आणि १०.९ च्या (हा बोल्टच्या मजबुतीचा आकडा) बोल्टमध्ये तो मोडतोच, पहिल्या दिवशी मी चार मोडले. षटकोनाच्या सपाट बाजूवर आधी सेंटर पंच मारला आणि कोपऱ्याजवळून तिरकं भोक पाडलं की जमतं. तयार भोकं पाडलेले बोल्टही मिळतात, शहाण्याने तेच घ्यावेत.

पण ताई म्हणतात ते खरं आहे, तार ताण राखत नाही. तार फक्त बोल्ट पडू देत नाही. मी प्रत्येक दोन दिवसांच्या ट्रॅकनंतर तार कापतो, टॉर्क बघतो, नवीन तार. रोजच्या गाडीला एवढं कोण करणार.

चौथागियर

आठ दिवस झाले. आज सकाळी गाडी रात्रभर थंड झाल्यावर बघितलं. तीन नंबर आणि सहा नंबरच्या बोल्टची रेघ तुटलीय, सहा नंबर तर जवळजवळ पाव फेरा उलटा. बाकी सहांच्या रेघा जशाच्या तशा सरळ, पण रेंच लावल्यावर प्रत्येक बोल्ट थोडा थोडा पुढे जाऊन मग क्लिक झाला. म्हणजे मला दोन्ही रोग आहेत?

रेंचवाली

दोन्ही आहेत, आणि बरं झालं वेगवेगळे दिसले. सहा बोल्टचं सोपं आहे, गॅस्केट बसलं. ग्राफाइटवाल्या गॅस्केटला पहिल्या दोन-तीन वेळा तापून निवल्यावर परत टॉर्क द्यावाच लागतो, पूर्ण थंड असताना. तू दिलास पण दोन आठवड्यांनी, तोपर्यंत गॅस त्यातून जायला लागला होता आणि एकदा कडेने गॅस गेला की ग्राफाइट जळून पातळ होत जातं, मग कितीही आवळ. हे गॅस्केट आता फेक. शक्यतो अनेक थरांच्या स्टीलचं घे, ते बसत नाही फारसं. मात्र त्याला फ्लँज सपाट लागतो. हेडर निघाल्यावर फ्लँजवर स्टीलची पट्टी उभी धर आणि खाली फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघ. वेल्डिंगने पातळ फ्लँज केळ्यासारखे वाकलेले असतात, ०.२ एमएमच्या वर फट असेल तर घासून सपाट करून घे.

मला खरी शंका तीन आणि सहा नंबरची आहे. बाकीचे सहा बोल्ट फिरले नाहीत आणि हे दोनच फिरले, असं का? एकाच फ्लँजवर, एकच वॉशर, एकच टॉर्क. हेडर काढशील तेव्हा एक काम कर. व्हर्नियरच्या मागची जी बारीक दांडी बाहेर येते ती हेडमधल्या आठही भोकांत घालून खोली मोज. आणि नवीन फ्लँजची जाडी मोज, जुन्या मॅनिफोल्डच्या फ्लँजचीही मोज.

धूरकांडी

ओहो. कळलं कुठं चाललंय ते 😄

चौथागियर

मोजलं. जुना बिडाचा फ्लँज १२ एमएम. नवीन ८ एमएम. भोकं सहा ठिकाणी २१-२२ एमएम खोल, आणि तीन नंबर व सहा नंबर १८. मी तीनदा मोजलं, १८ च.

रेंचवाली

घे, सापडला. आता बघ, जुना फ्लँज १२, गॅस्केट दीड, बोल्ट ३० चा, म्हणजे हेडमध्ये जायचा साडेसोळा. १८ च्या भोकातही जागा शिल्लक. नवीन फ्लँज ८, गॅस्केट दीड, तुझा स्प्रिंग वॉशर २, म्हणजे आत जायला बघतो साडेअठरा. भोक १८ चं. बोल्टचं टोक भोकाच्या तळाला टेकलं, तुझ्या रेंचने इमानदारीत २२ ला क्लिक दिला, पण तो टॉर्क सगळा तळाला दाबण्यात गेला, फ्लँजला काही पोचलंच नाही. रेंचला काय कळणार कोण अडवतंय ते. ते दोन बोल्ट पहिल्या दिवसापासून नुसते शोभेला होते, म्हणूनच ते फिरले आणि त्यांच्या शेजारच्या पोर्टमधून लिकेज सुरू झालं. स्प्रिंग वॉशर काढून टाकला असतास तर आणखी २ एमएम आत, आणखी वाईट.

हेडर बदलताना सगळ्यात जास्त होणारी चूक हीच आहे आणि कुणी मोजत नाही, कारण जुने बोल्ट हातात असतात आणि आटे जुळतात. आता २५ एमएमचे घे. ८ फ्लँज, नवीन स्टीलचं गॅस्केट १, पाचर वॉशर अडीच, राहिले साडेतेरा. अॅल्युमिनियममध्ये बोल्टच्या व्यासाच्या दीडपट तरी आटे धरायला हवेत, म्हणजे १२. साडेतेरा आरामात बसतं. आणि भोकांच्या तळात जुना कचरा, तुझ्या त्या निळ्याची भुकटी असेल, टॅप हलक्या हाताने फिरवून हवा मार, डोळ्याला चष्मा लावून. एखादं भोक आरपार पाण्याच्या जागेत जात असेल तर तिथल्या बोल्टला सीलंट लागतं, काही इंजिनांत असतं तसं, मॅन्युअल बघून घे.

पाना१३

माझं लालवालं मी माघारी घेतो 🙏 पण एक विचारतो, आट्यांना ते चंदेरी अँटी-सीझ लावतात ना न अडकण्यासाठी, ते लावलं तर बोल्ट घसरून लवकर सुटणार नाही का?

धूरकांडी

चांगला प्रश्न आहे. लावावं, विशेषतः स्टेनलेसचे बोल्ट असतील तर, नाहीतर ते आट्यात चावून बसतात आणि काढताना डोकंच हातात येतं. निकेलवालं घ्या, तांब्यावाल्यापेक्षा जास्त गरमी सहन करतं. पण बोल्ट लवकर सुटतो म्हणून नाही तर वेगळ्याच कारणाने सांभाळायचं, मॅन्युअलचा टॉर्क सहसा कोरड्या आट्यांचा असतो. अँटी-सीझ लावलं की घर्षण कमी होतं, त्याच २२ ला बोल्ट जास्त ताणला जातो. पाव भाग कमी करा, १७ च्या आसपास. आणि लावायचं म्हणजे पहिल्या चार-पाच आट्यांवर पुसट, लोणी फासल्यासारखं नाही. ऑक्सिजन सेन्सरच्या टोकाला तर चुकूनही लागू देऊ नका.

बोल्ट मात्र साधा ८.८ किंवा १०.९ च घ्या. स्टेनलेस दिसायला छान, पण नेहमीचं स्टेनलेस ८.८ पेक्षा मऊ असतं. १२.९ पण नको, उगाच. आणि कुणी नायलॉनवाला नट सुचवला तर हसून सोडून द्या, त्यातलं नायलॉन सव्वाशे डिग्रीला हाय खातं.

लोखंडीहात

स्टडचा विषय कुणीच काढला नाही. मी म्हणतो आता सगळं उघडलंच आहे तर बोल्ट काढून स्टडच (डोकं नसलेली, दोन्ही टोकांना आटे असलेली दांडी) टाक. स्टड हेडमध्ये हाताने घट्ट होईल इतकाच, आणि बाहेरून तांब्याचा मुलामा असलेला पूर्ण धातूचा लॉक नट, ज्याचं तोंड जरा अंडाकृती दाबलेलं असतं. बऱ्याच गाड्यांत कंपनीच तेच देते. फायदा असा की दर वेळी हेडर काढताना हेडचे आटे झिजत नाहीत, झिजतो नट, तो बदलता येतो. हेडर टांगून ठेवता येतो, गॅस्केट खाली पडत नाही, तोंडात टॉर्च धरून एका हाताने गॅस्केट सांभाळायची कसरत वाचते.

रेंचवाली

स्टड उत्तमच, जागा असेल तर. त्याच्या त्या मागच्या कोपऱ्यात स्टड घातला तर हेडर स्टडवर सरकवायला जागा मिळेल का हे बघून मगच. नसेल तर बोल्ट आणि पाचर वॉशर. नॉर्ड-लॉकसारखे, दोन अर्ध्यांचे, आत पायऱ्या असतात आणि त्यांचा चढ आट्यांच्या चढापेक्षा जास्त, म्हणजे बोल्टला सुटायचं तर आधी वर चढावं लागतं आणि चढला की ताण वाढतो, म्हणून तो जात नाही. फक्त त्याच्याखाली साधा सपाट वॉशर घालायचा नाही, नाहीतर तो सपाट वॉशरच फिरतो आणि सगळं मुसळ केरात. लांबट भोकांवर मोठ्या व्यासाचे घे. क्लिपवाले, म्हणजे डोक्यात खाच आणि वर एक पत्र्याची पट्टी जी शेजारच्या पाईपला टेकते, स्टेज ८ टाइपचे, तेही छान आहेत, पण तुझ्या हेडरचे पाईप फ्लँजला किती चिकटून निघतात त्यावर आहे, पट्टीला टेकायला पाईप नेमका हवा आणि सॉकेटला आड यायला नको.

धूरकांडी

अजून एक, हेडर बसवताना. सगळे बोल्ट आधी हाताने, मग मधून बाहेरच्या बाजूला जात जात, आधी १० ला, मग पूर्ण. आणि खालचा कलेक्टरचा (हेडरच्या सगळ्या नळ्या एकत्र येतात तिथला) जोड तेव्हा सैलच ठेव, तो शेवटी. त्याआधी एक बघ, कलेक्टरचे नट काढल्यावर मागचा पाईप जागेवर राहतोय की एक बोटभर खाली पडतोय. पडत असेल तर सायलेन्सरचं सगळं वजन तुझ्या त्या ८ एमएमच्या बोल्टवर लोंबत होतं. आडवं इंजिन प्रत्येक वेळी गिअर टाकल्यावर डोलतं, मध्ये लवचिक जाळीचा तुकडा नसेल किंवा हँगरचं रबर तुटलं असेल तर तो झटका थेट फ्लँजला. इंजिन माउंटही हात घालून बघ.

आणि जोपर्यंत लिकेज आहे तोपर्यंत काच थोडी उघडी ठेवून चालव रे बाबा. बॉनेटखालचा धूर ब्लोअरच्या वाटेने आत येतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

चौथागियर

उशीर झाला कळवायला, मुद्दामच थांबलो होतो. ११०० किलोमीटर झाले.

पाईप खाली पडला होता, बोटभर नाही तर दोन बोटं. मधल्या हँगरचं रबर तुटलेलं होतं आणि मला पत्ताच नाही, नवीन टाकलं. फ्लँज वाकलेला होता, मध्ये ०.३ ची फट, तो घासून घेतला. थरांच्या स्टीलचं गॅस्केट, २५ चे ८.८ बोल्ट, पाचर वॉशर, निकेलवालं पुसट, १७ ला. मागच्या बोल्टसाठी एक जुना रिंग पाना बळी दिला, गरम करून वाकवला आणि दांडी निम्मी कापली. टॉर्क रेंच तिथं लागतच नाही, तेव्हा त्याच पान्याने आधी पुढच्या एका बोल्टला आवळून हाताला किती जोर लागतो ते बघितलं आणि मागच्याला तेवढाच लावला. बरोबर की चूक माहीत नाही पण रेघ हललेली नाही.

पहिल्या दिवशी तापवून निववून टॉर्क बघितला, एक-दोन बोल्ट किंचित फिरले. आठ दिवसांनी बघितला, काहीच नाही. काल परत, आठही रेघा सरळ, काजळी नाही. मागचा आरशातला साप सुद्धा जसाच्या तसा.

आता एक नवीनच भानगड, सकाळचा तो आवाज गेला आणि त्याच्याखाली अजून एक बारीक टिकटिक ऐकू यायला लागलीय, ती गरम झाल्यावरही जात नाही. ते मात्र बहुतेक खरंच टॅपेट आहेत. वेगळं विचारतो.